मुहूर्त आधी, तयारी नंतर?

(मोठ्या संगणकप्रणालींचे नियोजन आणि व्यवस्थापन या विषयावरील व्याख्यानाचा संपादित पाठ)



गेल्या पंचवीस वर्षांत शासनाचा, बँकेचा, विद्यापीठाचा आणि रेल्वेचा दरवाजा बदलला आहे. पूर्वी नागरिक खिडकीपुढे रांगेत उभा राहत असे. खिडकीमागे एक माणूस असे. तो त्रासिक असला तरी माणूस होता. त्याला विनंती करता येत असे, त्याच्या वरिष्ठाकडे तक्रार नेता येत असे. आज त्या खिडकीच्या जागी संकेतस्थळ आले आहे. विवरणपत्र भरणे, दाखला मिळवणे, प्रवेशअर्ज करणे, तिकीट काढणे ही सारी कामे घरबसल्या होऊ लागली, ही मोठीच सोय झाली. परंतु हे संकेतस्थळ ज्या दिवशी बंद पडते, त्या दिवशी एखादी खिडकी बंद पडत नाही. देशातील सगळ्या खिडक्या एकाच क्षणी बंद होतात. म्हणून अशा प्रणालीचे नियोजन कसे करावे, हा विषय केवळ संगणक अभियंत्यांचा उरलेला नाही. ज्याच्या मुलाचा निकाल अडकतो, ज्याच्या मालाचा ट्रक नाक्यावर थांबतो, त्या प्रत्येक कुटुंबाचा तो विषय आहे.

सर्वसाधारण समजूत अशी असते की, असे प्रकल्प तांत्रिक चुकीमुळे फसतात. सर्व्हर लहान पडला, आज्ञावलीत दोष होता, अशी कारणे वृत्तपत्रांतून छापून येतात. ती खोटी नसतात. पण ती शेवटची कारणे असतात. मूळ कारण बहुधा कित्येक महिने आधी, एखाद्या बैठकीत घडलेले असते. कामाचा आवाका ठरण्यापूर्वीच उद्घाटनाची तारीख ठरलेली असते. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त स्थळ पक्के झाल्यावर काढतात. संगणक प्रकल्पांत मात्र अनेकदा मुहूर्त आधी निघतो आणि मग धावपळ सुरू होते.

मुंबई विद्यापीठाचा २०१७ चा धडा

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबांना हा विषय २०१७ च्या उन्हाळ्यात फार जवळून कळला. मुंबई विद्यापीठाने त्या वर्षी सर्व विद्याशाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. कल्पना चांगली होती. उत्तरपत्रिका एकदा स्कॅन झाली की तिची ने-आण वाचते, बेरजेची चूक टळते, परीक्षकाला विद्यार्थी कोण हे कळत नाही आणि पुनर्मूल्यांकनही सुलभ होते. अभियांत्रिकी शाखेत ही पद्धत त्याआधीच वापरात होती. म्हणजे अनुभवही अगदीच शून्य नव्हता.

घोटाळा झाला तो प्रमाणाचा आणि वेळेचा. एका शाखेपुरती चाललेली पद्धत एकदम सर्व शाखांच्या सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिकांना लावली गेली आणि तीही परीक्षांचा हंगाम सुरू असताना. काम देण्याची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत एप्रिलची अखेर आली. लाखो उत्तरपत्रिका सोडवायच्या, त्यांवर सांकेतिक पट्ट्या लावायच्या, पान न् पान स्कॅन करायचे, योग्य विषयाच्या योग्य परीक्षकाकडे पाठवायचे आणि हजारो प्राध्यापकांना ही नवी पद्धत शिकवायची, अशी ही साखळी होती. यातली एक कडी जरी संथ झाली, तरी पुढच्या सर्व कड्या रिकाम्या बसतात. तसेच झाले. कुलपतींनी निकालांसाठी ३१ जुलै ही मुदत घालून दिली; जुलैच्या अखेरीस महाविद्यालयांतील अध्यापन थांबवून प्राध्यापकांना तपासणीला बसवावे लागले. तरीही मुदत टळली. निकाल लांबत सप्टेंबरपर्यंत गेले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

राज्याच्या विद्यापीठ कायद्यात निकालासाठी तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांची मर्यादा आहे. पदव्युत्तर प्रवेशासाठी, परदेशी शिक्षणासाठी, नोकरीसाठी गुणपत्रिकेची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना या विलंबाची किंमत मोजावी लागली. या घटनेत दोष पडद्यावरील तपासणीच्या कल्पनेचा नव्हता. एका सत्रात दोन-तीन लहान अभ्यासक्रम, पुढील सत्रात एक पूर्ण शाखा, त्यानंतर सर्व शाखा, असा क्रम ठेवला असता, तर अडचणी लहान असतानाच दिसल्या असत्या. लहान अडचण सुधारता येते. तीच सतरा लाखांनी गुणली गेली की संकट होते.

अमेरिकेतील तीन वर्षे आणि सहा नोंदण्या

असे आपल्याकडेच घडते, असे समजण्याचे कारण नाही. पैसा, तंत्रज्ञान आणि मनुष्यबळ या तिन्ही बाबतींत जगात अग्रेसर असलेल्या अमेरिकेत २०१३ साली याहून मोठी फजिती झाली. तेथील आरोग्यविमा सुधारणेच्या कायद्यावर २३ मार्च २०१० रोजी राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. नागरिकांनी विमा योजना पाहाव्यात, तुलना करावी आणि खरेदी कराव्यात यासाठी हेल्थकेअर डॉट गव्ह हे केंद्रीय संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी खुले करायचे ठरले. हाताशी साडेतीन वर्षे होती. खुले झाल्यावर काही तासांतच ते कोलमडले. लाखो लोक आले, आणि पहिल्या दिवशी विम्यासाठी नोंदणी पूर्ण करू शकले ते अवघे सहा जण.

या अपयशाची तेथे कसून चौकशी झाली. अमेरिकन काँग्रेसपुढे साक्षी झाल्या, लेखापरीक्षकांचे अहवाल आले. त्यामुळे नेमके काय चुकले, हे आज तपशीलवार सांगता येते. त्यातील चार गोष्टी प्रत्येक संस्थाचालकाने ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट जबाबदारीची. या एका कामासाठी साठ कंत्राटे दिली गेली होती. एका कंपनीकडे मुख्य संकेतस्थळ, दुसरीकडे करखाते, सामाजिक सुरक्षा खाते, विमा कंपन्या यांच्याशी माहितीची देवाणघेवाण करणारा दुवा, अशी वाटणी होती. प्रत्येकाने आपापला तुकडा बांधला. परंतु हे सारे तुकडे जोडून पूर्ण प्रणाली चालवण्याची जबाबदारी कोणाची, याचे निर्विवाद उत्तर नव्हते. ती भूमिका सरकारी खात्याने स्वतःकडे ठेवली होती आणि अशा प्रकारच्या कामाचा पुरेसा अनुभव त्या खात्याकडे नव्हता.

दुसरी गोष्ट नियम उशिरा ठरण्याची. कोणती राज्ये स्वतःचे संकेतस्थळ उभारणार आणि कोणती केंद्राच्या संकेतस्थळावर येणार, हे २०१३ उजाडेपर्यंत स्पष्ट नव्हते. अखेर छत्तीस राज्यांचा भार केंद्रीय प्रणालीवर आला. धोरणाचे निर्णय लांबत राहिले. शेवटची तारीख मात्र जागची हलली नाही. जो वेळ निर्णयांनी खाल्ला, तो बांधणीच्या आणि चाचणीच्या वेळातून वजा झाला.

तिसरी गोष्ट चाचणीची. आरंभापासून शेवटापर्यंत पूर्ण प्रणालीची एकत्रित चाचणी शेवटच्या दोन आठवड्यांत झाली, असे कंत्राटदारांनीच साक्षीत सांगितले. तीन वर्षांच्या कामाला चौदा दिवसांची परीक्षा! त्यातच ऐनवेळी एक बदल झाला. खाते न उघडता योजना चाळून पाहण्याची सोय मागे ठेवली गेली आणि प्रत्येकाला आधी खाते उघडणे भाग पडले. नुसते दुकान पाहायला आलेल्या माणसालाही दारातच ओळखपत्र मागितल्यासारखे हे झाले. सारी गर्दी खाते उघडण्याच्या त्या एका अरुंद दारात अडकली.

चौथी गोष्ट दुःखद आहे. धोक्याची सूचना मिळाली नव्हती, असे नाही. २०१३ च्या वसंत ऋतूतच एका सल्लागार संस्थेने प्रकल्प संकटात असल्याचे दाखवून दिले होते. खालच्या पातळीवरील अभियंत्यांना अडचणी ठाऊक होत्या. पण वर जाताना प्रत्येक पायरीवर ती वार्ता सौम्य होत गेली. वाईट बातमी वरपर्यंत पोहोचत नाही, अशी व्यवस्था जिथे असते, तिथे नेता अंधारात राहतो आणि तरीही आत्मविश्वासाने बोलत राहतो.

दुरुस्ती कशी झाली?

या कथेचा उत्तरार्ध अधिक उपयुक्त आहे. संकेतस्थळ मोडीत काढून नवे बांधावे, असा विचार पुढे आला होता. तो बाजूला ठेवला गेला. अनुभवी व्यवस्थापक आणि खासगी क्षेत्रातील मोजके निष्णात अभियंते बोलावले गेले. ऑक्टोबरच्या अखेरीस एका कंपनीला मुख्य कंत्राटदार नेमून जोडणीची जबाबदारी एकाच ठिकाणी आणली. प्रणालीत कुठे अडथळा आहे हे एका नजरेत दाखवणारा फलक आधी नव्हता. तो प्रथम उभारला गेला. कारण जे मोजले जात नाही, त्याची दुरुस्ती अंदाजानेच होते.

रोज दोनदा बैठक घेण्याचा परिपाठ सुरू झाला. तिचे तीन नियम प्रसिद्ध आहेत. बैठक प्रश्न सोडवण्यासाठी आहे, दोष ढकलण्यासाठी नव्हे, हा पहिला. ज्याला विषयाची सर्वाधिक माहिती आहे त्याने बोलावे, ज्याचे पद मोठे त्याने नव्हे, हा दुसरा. येत्या एक-दोन दिवसांत जे नडणार आहे त्यावरच लक्ष ठेवावे, हा तिसरा. या नियमांत संगणकशास्त्र काहीच नाही. कोणत्याही संघटनेच्या, संस्थेच्या, कुटुंबाच्या बैठकीला ते जसेच्या तसे लागू पडतील. दोन महिन्यांत चारशेहून अधिक दोष दूर झाले आणि डिसेंबरच्या आरंभी एका वेळी पन्नास हजार लोकांना हाताळण्याइतकी प्रणाली सावरली. राज्यांची स्वतंत्र संकेतस्थळे धरून त्या पहिल्या हंगामात सुमारे ८० लाख लोकांनी नोंदणी केली. बहुतांशी तीच माणसे. बदलले ते व्यवस्थापन.

आवाका मर्यादित ठेवण्याचे धैर्य

आता आपल्याकडील जमेच्या बाजूकडे वळू. आधार योजनेचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी दिला गेला. शंभर कोटींहून अधिक लोकसंख्येची नोंद करणारी ही प्रणाली. तिच्याकडे किती खात्यांच्या किती मागण्या येऊ शकल्या असत्या! जात लिहा, उत्पन्न लिहा, व्यवसाय लिहा, शिक्षण लिहा. प्रत्येक मागणीला काही ना काही समर्थन मिळाले असते. परंतु मूळ नोंदीत नाव, जन्मतारीख किंवा वय, लिंग आणि पत्ता एवढीच आवश्यक माहिती आणि जोडीला छायाचित्र, बोटांचे ठसे व बुबुळांच्या प्रतिमा घेण्याचे ठरले. देशभर जाण्यापूर्वी आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि बिहारच्या ग्रामीण भागांत ठसे व बुबुळांच्या प्रतिमा कितपत नीट मिळतात, याचे प्रात्यक्षिक घेतले गेले. आधारच्या वापराविषयी पुढे वाद झाले, ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ते वाद आपल्या जागी. येथे मुद्दा नियोजनाचा आहे. एकच काम, पण ते नेमके, असा निर्धार आरंभी झाला म्हणून एवढा पसारा झेपला.

बहुतेक प्रकल्पांत याच्या उलट घडते. पहिल्या बैठकीत दहा सोयी ठरतात. दुसऱ्या बैठकीत कोणी विश्वस्त म्हणतात, त्यात छायाचित्रसंग्रहही टाका. तिसऱ्या बैठकीत देणगीची सोय, चौथ्यात मोबाइल ॲप. प्रत्येक जण थोडेसेच मागतो आणि नकार देण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. शेवटी एक ना धड भाराभर चिंध्या. यावर उपाय साधा आहे. मागण्यांची यादी लिहून काढावी आणि तिचे तीन भाग करावेत : ज्यावाचून काम अडेल असे, असल्यास बरे असे, आणि पुढील वर्षी पाहू असे. पहिला भाग पूर्ण होऊन वापरात येईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नये. नंतर आलेली प्रत्येक नवी मागणी लेखी असावी आणि तिच्यापुढे वाढणारे दिवस व वाढणारा खर्च लिहिलेला असावा. आकडा समोर आला की निम्म्या मागण्या आपोआप मागे घेतल्या जातात.

टप्प्याटप्प्याने जाणारी रेल्वे

रेल्वे आरक्षणाचे उदाहरण याहून जुने आणि अधिक बोलके आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यास दिल्लीत संगणकीय आरक्षणाचा प्रयोग सुरू झाला. १९८६ साली रेल्वेने या कामासाठी क्रिस ही स्वतःची संस्था स्थापन केली. मग मोठ्या शहरांत स्वतंत्र केंद्रे उभी राहिली. १९९९ साली दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे एकमेकांना जोडली गेली आणि कोणत्याही खिडकीवरून कोणत्याही गाडीचे आरक्षण शक्य झाले. त्यानंतर ३ ऑगस्ट २००२ पासून महाजालावर तिकीट मिळू लागले. प्रारंभी ते छापील तिकीट कुरियरने घरी येई. घरीच छापून घेण्याचे ई-तिकीट नंतर आले. म्हणजे आधी आतली शिस्त बसवली, मग केंद्रे जोडली आणि शेवटी दार जनतेला उघडले. पंधरा-सोळा वर्षांचा हा क्रम आहे. त्यात कोणताही टप्पा डोळे दिपवणारा नव्हता. पण प्रत्येक टप्पा आधीच्या पक्क्या जमिनीवर उभा होता.

तरीही तात्काळ आरक्षणाच्या वेळी संकेतस्थळ अडखळण्याचा अनुभव लोकांनी वर्षानुवर्षे घेतला. त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पाचशे जणांच्या शिबिराची व्यवस्था पाहणारा कार्यकर्ता दिवसभरात पाचशे कप चहा लागेल, असा हिशेब करून थांबत नाही. सकाळी सात वाजता पाचशे माणसे एकदम चहाला येणार, हे त्याला ठाऊक असते. तेवढी भांडी, तेवढे वाढपी आणि दोन जादा रांगा तो आधीच सिद्ध ठेवतो. संगणकप्रणालीचेही तसेच आहे. क्षमता सरासरीवर नव्हे, गर्दीच्या क्षणावर ठरते. सकाळी दहाला वातानुकूलित आणि अकराला बिगर-वातानुकूलित वर्गाचे तात्काळ आरक्षण उघडते, त्या पहिल्या काही मिनिटांत सारी कसोटी असते. एप्रिल २०१४ मध्ये आलेल्या नव्या प्रणालीने दर मिनिटाला २,००० तिकिटांची जुनी क्षमता ७,२०० वर नेली. दोन्ही वर्गांच्या वेळा वेगळ्या ठेवल्याने गर्दी विभागली गेली. हा उपाय तर यंत्राचा नव्हे, शुद्ध व्यवस्थेचा आहे.

पडल्यावर उठण्याची रीत

वस्तू व सेवा कराच्या अंमलबजावणीत मालवाहतुकीसाठी ई-वे बिल ही व्यवस्था आली. १ फेब्रुवारी २०१८ पासून ती देशभर लागू व्हायची होती. पहिल्याच दिवशी प्रणालीवर असह्य ताण आला आणि त्याच दिवशी सक्ती पुढे ढकलण्याचा निर्णय झाला. दोन महिने तयारीला दिले गेले. १ एप्रिलपासून केवळ आंतरराज्य वाहतुकीला, १५ एप्रिलपासून राज्यांतर्गत वाहतुकीसाठी पाच राज्यांत, मग गटागटाने इतर राज्यांत आणि जूनच्या मध्यापर्यंत सर्वत्र, असा क्रम आखला गेला. या वेळी ती चालली. पहिल्या दिवशी माघार घेण्यात कमीपणा मानला असता, तर देशभर ट्रक उभे राहिले असते. प्रकल्पाची तारीख पुढे नेण्याचे धैर्य हे व्यवस्थापकाचे भूषण समजले पाहिजे. अर्थात, तारीख सहा महिने आधी बदलली तर ते नियोजन असते आणि आदल्या रात्री बदलली तर नामुष्की.

तारीख जवळ आली की आणखी एक मोह होतो. काम मागे पडले आहे ना, मग माणसे वाढवा! भिंत बांधताना हा उपाय चालतो. आज्ञावली लिहिताना उलटतो. आयबीएममध्ये एका महाकाय प्रणालीचे काम सांभाळलेल्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या ग्रंथात हे सिद्धान्तरूपाने मांडले. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे ओतल्यास उशीर आणखी वाढतो, असा त्याचा आशय. कारण नव्या माणसाला शिकवण्यात जुन्याचा वेळ जातो आणि परस्परांशी बोलण्याचे धागे झपाट्याने वाढतात. पाच जणांत असे दहा धागे असतात, दहा जणांत पंचेचाळीस, तर पन्नास जणांत एक हजार दोनशे पंचवीस. कामापेक्षा समन्वयच मोठा होतो.

निविदा, मालकी आणि देखभाल

मोठ्या प्रकल्पाचे भवितव्य पुष्कळदा निविदेतच ठरते. सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम, ही रीत खुर्च्या-टेबले विकत घेताना ठीक आहे. प्रणालीच्या बाबतीत कमी दर देणारा कित्येकदा कामाचा आवाकाच कमी समजलेला असतो. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २०२१ साली बांधकामे व सल्लागारीव्यतिरिक्तच्या सेवांसाठीही, काही अटींवर, गुणवत्ता आणि दर या दोन्हींना भार देऊन निवड करण्याची मुभा दिली, ती याच अनुभवातून. करारात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात. आज्ञावलीच्या मूळ संहितेवर आणि माहितीवर मालकी कोणाची. पैसे कोणत्या टप्प्यावर आणि काय चालून दाखवल्यावर द्यायचे. उद्घाटनानंतर किती वर्षे देखभाल. आणि कंत्राटदार बदलायची वेळ आली तर कागदपत्रांसह काम कसे सोपवायचे. हे नसेल तर संस्था स्वतःच्या घरात भाडेकरू होते.

देखभालीकडे तर सर्वाधिक दुर्लक्ष होते. उद्घाटनाच्या छायाचित्रात सगळे असतात. तीन वर्षांनी सुरक्षेची त्रुटी बुजवायला कोणी नसते. इमारत बांधून रंगरंगोटी, डागडुजीसाठी पैसा न ठेवणारा गृहस्थ अव्यवहारी ठरतो. प्रणालीलाही तोच न्याय लावावा.

लहान संस्थांसाठी

हे सारे हजारो कोटींच्या कामांचे झाले. परंतु पतपेढी, शाळा, ग्रंथालय, रुग्णालय, सेवासंस्था यांनाही आज संगणकप्रणाली घ्यावी लागते आणि तत्त्वे तीच राहतात. येथे सर्वांत अवघड काम नवी प्रणाली बांधण्याचे नसते, जुनी माहिती तिच्यात आणण्याचे असते. तीस वर्षांच्या सभासदवहीत एकच गृहस्थ कुठे ‘दत्तात्रय’, कुठे ‘दत्तात्रेय’, तर कुठे नुसते ‘द. वि.’ असतात. संगणकाला ते तीन सभासद वाटतात. जुना मराठी मजकूर युनिकोडपूर्व टंकांत असला, तर तो नव्या प्रणालीत अगम्य चिन्हांसारखा दिसतो आणि रूपांतरित करून पुन्हा वाचून घ्यावा लागतो. हे काम बाहेरची कंपनी करू शकत नाही. सभासदांना चेहऱ्याने ओळखणारा संस्थेतला जुना कारकूनच ते करू शकतो. म्हणून त्याला पहिल्या दिवसापासून प्रकल्पात सामील करून घ्यावे. संगणक आला की आपले काम गेले, अशी भीती ज्याला वाटते, तोच माणूस विश्वासात घेतल्यास प्रकल्पाचा सर्वांत मोठा आधार होतो.

निदान दोन-तीन महिने जुनी वही आणि नवी प्रणाली समांतर चालवावी. रोज संध्याकाळी दोन्हींचा ताळा घ्यावा. सलग महिनाभर ताळा जुळला की वही बंद करावी, आधी नव्हे. काम दुप्पट होते म्हणून कुरकुर होईल. पण ठेवीदाराच्या पुस्तकातील एक चुकीचा आकडा संस्थेची पत घालवतो. माहितीची दुसरी प्रत रोज वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि त्या प्रतीवरून माहिती खरोखर परत मिळते का, हे अधूनमधून करून पाहावे. सभासदांची वैयक्तिक माहिती ही ठेवच आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने त्या ठेवीचे दायित्वही निश्चित केले आहे.

प्रकल्पाला एक प्रमुख असावा. समिती सल्ला देईल, निर्णय एकाने घ्यावा आणि उत्तरही त्यानेच द्यावे. त्याला पूर्ण वेळ असावा. चार समित्यांवर असलेला प्रतिष्ठित गृहस्थ या कामाचा नव्हे. दर आठवड्याला त्याने तीन प्रश्न विचारावेत. काय चालू होऊन वापरात आले? कुठे अडले? कोणती वाईट बातमी अजून सांगितली गेलेली नाही? तिसऱ्या प्रश्नाला निर्भयपणे उत्तर मिळते, त्या संस्थेचा प्रकल्प सहसा फसत नाही.

भारतीय अभियंत्यांनी जगभरच्या बँका, विमानसेवा आणि दूरध्वनी कंपन्यांच्या प्रणाली उभारल्या आहेत आणि सांभाळल्या आहेत. बुद्धीचा तुटवडा आपल्याकडे नाही. उणीव असते ती सुरुवातीच्या शांत, कंटाळवाण्या, प्रसिद्धी न मिळणाऱ्या कामाला मान देण्याची : मागण्या लिहून काढणे, त्यांतल्या निम्म्या नाकारणे, लहान प्रमाणावर करून पाहणे, चुका मोकळेपणी मांडणे, आणि सिद्धता झाल्यावाचून तारीख जाहीर न करणे. पडद्यापलीकडे गुणपत्रिकेची वाट पाहणारा विद्यार्थी आणि ठेवीच्या व्याजावर घर चालवणारी वृद्धा बसलेली आहे. तिचे काम पहिल्या प्रयत्नात, कोणाच्याही मदतीवाचून झाले, म्हणजे तो प्रकल्प यशस्वी झाला. उद्घाटनाच्या फिती किती मोठ्या हातांनी कापल्या, याची नोंद ती कुठेही ठेवत नसते.